शंका फिटली की ऑर्डर येते

प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या छोट्या उत्पादकाला आज स्वतःची वेबसाइट उभी करणं अवघड राहिलेलं नाही. डोमेन घ्यायचं, तयार साचा निवडायचा, फोटो चढवायचे, पैसे घेण्याची सोय जोडायची, की चार दिवसांत दुकान सुरू. २०१६ साली यूपीआय आलं आणि पैसे चुकते करण्यातला मोठा अडसरही गेला. देवगडचा बागायतदार, येवल्याचा विणकर, मसाले-लोणची करणारा महिला बचत गट, कोल्हापुरी चपला बनवणारा कारागीर हे सगळे आता मधल्या दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू शकतात. तरीही यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते: जाहिरातीवर पैसे जातात, वेबसाइटवर माणसं येतात, भेटींचा आकडा वाढतो आणि ऑर्डर काही येत नाही.

हे पुस्तक त्या मधल्या टप्प्याविषयी आहे. माणूस वेबसाइटवर आला इथपासून त्याने पैसे भरले इथपर्यंत त्याच्या मनात काय चालतं, तो कुठे अडखळतो, कशाने परत फिरतो आणि कशाने पुढे येतो, याचा हा विचार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पाहुण्याला ग्राहक करायचं म्हणजे त्याच्या मनातल्या शंका त्याने विचारायच्या आधी फेडायच्या. वेग, फोटो, मजकूर, फॉर्म, सवलत या बाकी सगळ्या गोष्टी त्या एका कामाच्या दिमतीला आहेत. ज्या युक्त्या शंका फेडत नाहीत, नुसती घाई करतात किंवा भुलवतात, त्यांनी एखादी ऑर्डर मिळेल, पण गिऱ्हाईक टिकणार नाही.

या टप्प्याकडे लक्ष देणं का फायद्याचं, हे साध्या हिशेबातून कळतं. समजा, जाहिरातीवर १०,००० रुपये खर्च करून १,००० माणसं वेबसाइटवर आली आणि त्यांतल्या १० जणांनी खरेदी केली. हे प्रमाण झालं १ टक्का, आणि प्रत्येक ऑर्डर मिळवायला लागले १,००० रुपये. आंब्याच्या एका पेटीत इतका नफा कोणाला सुटतो? आता जाहिरातीचा खर्च तेवढाच ठेवून वेबसाइट अशी सुधारली की १० ऐवजी २० जण खरेदी करतील, तर तोच खर्च ऑर्डरमागे ५०० रुपयांवर येतो. बहुतेक जण मात्र उलट करतात. ऑर्डर येत नाही म्हणून जाहिरात वाढवतात, जास्त माणसं आणतात आणि तीही तशीच परत जातात.

दुसरा गैरसमज आहे पाहुण्याला गुंतवून ठेवण्याबद्दलचा. माणूस वेबसाइटवर जितका जास्त वेळ थांबेल तितकं चांगलं, असं अनेक सल्लागार सांगतात. व्हिडिओ दाखवून किंवा बातम्या देऊन जाहिरातीतून कमावणाऱ्यांसाठी ते खरं आहे, कारण त्यांचा मालच मुळी प्रेक्षकाचा वेळ हा असतो. विकणाऱ्याचं तसं नाही. एखादी बाई ऑफिसातून घरी जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या दोन मिनिटांत पेटी मागवते आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मागवते, हे उत्तम गिऱ्हाईक. कोणी वीस मिनिटं पानं चाळत राहिलं तर बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच, की त्याला हवं ते सापडत नाहीये. पाहुण्याचं लक्ष टिकवायचं ते त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने, त्याच्या डोळ्यांसमोर देऊन.

हापूसचंच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण या एका फळात ऑनलाइन विक्रीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकवटल्या आहेत. माल नाशवंत, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, किंमत चढी आणि बाजारात नकली मालाचा सुळसुळाट. मंडईत माणूस आंबा हातात घेतो, देठापाशी वास घेतो, रंग बघतो, विक्रेत्याशी चार शब्द बोलतो आणि मग भाव करतो. पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही. त्याच्याकडे उरतात फक्त शंका.

पहिली शंका अस्सलपणाची. कोकणातल्या हापूसला ऑक्टोबर २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. पण मानांकन मिळाल्याने भेसळ थांबत नाही. कर्नाटकातून आलेला आंबा देवगडचा म्हणून सर्रास विकला जातो आणि हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून नुसतं ‘अस्सल देवगड हापूस’ असं ठळक अक्षरांत लिहून भागत नाही. नकली विकणाराही तेच लिहितो. पुरावा द्यावा लागतो. देवगड तालुका आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात फळावर लावायचं एक विशिष्ट स्टिकर आणलं. त्यावरच्या कोडचा एक भाग वर दिसतो आणि दुसरा स्टिकरच्या खालच्या बाजूला दडलेला असतो. दोन्हींचा मेळ बसला तर फळ अस्सल. ज्याच्या मालावर असं स्टिकर आहे त्याने त्याचा जवळून घेतलेला फोटो आणि तपासायची रीत पहिल्याच पानावर द्यायला हवी. ज्याच्याकडे ते नाही त्याने बागेचं गाव, मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून असलेला नोंदणी क्रमांक, बागेतले स्वतः काढलेले फोटो द्यावेत. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंब्याचा फोटो गिऱ्हाईक लगेच ओळखतं आणि तिथेच विश्वास डळमळतो.

दुसरी शंका पिकण्याची. आंबा कच्चा येणार की पिकलेला? आढीत गवतावर पिकवला आहे की कार्बाइड लावून? कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण ती पाळली जातेच असं नाही, हेही सर्वांना माहीत आहे. तिसरी शंका साक्याची. बाहेरून देखणं दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरट, बेचव निघालं तर काय? हा दोष बागायतदारालाही बाहेरून दिसत नाही, म्हणून बरेच विक्रेते त्याचा उल्लेखच टाळतात. इथेच चूक होते. ज्याने एकदा साका निघालेला आंबा खाल्ला आहे त्याच्या मनात तो प्रश्न असतोच. तुम्ही गप्प राहिलात तर तो तुमच्याकडून न घेता ओळखीच्या आंबेवाल्याकडून घेतो.

आता दोन मजकूर शेजारी ठेवून पाहा. पहिला: ‘उत्कृष्ट प्रतीचा, रसाळ, नैसर्गिकरीत्या पिकवलेला हापूस. मर्यादित साठा. आजच मागवा!’ दुसरा: ‘पेटीत ५ डझन फळं, प्रत्येकी २०० ते २५० ग्रॅमची. आम्ही आंबा तयार झाल्यावर पण कच्चा असतानाच पाठवतो, म्हणजे प्रवासात तो दबत नाही. घरी आल्यावर फळं गवतात किंवा कागदात मोकळी ठेवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण आठवड्याभरात पिकतील. फळ दबलेलं आलं किंवा कापल्यावर साका निघाला, तर फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील.’ पहिल्या मजकुरात विशेषणं आहेत, दुसऱ्यात उत्तरं. दुसरा लिहायला भाषेवर फार प्रभुत्व लागत नाही. आंबा पाठवणारा माणूस फोनवर रोज जे सांगतो तेच पानावर उतरवायचं आहे. मी छोट्या विक्रेत्यांना नेहमी सांगतो, की तुम्हाला फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आठवडाभर वहीत लिहून ठेवा. तुमच्या वेबसाइटचा खरा मजकूर त्या वहीत असतो.

माल बदलला की शंका बदलतात, रीत तीच राहते. २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली पैठणी घेताना गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, की रेशीम खरं आहे का, जर कोणती आहे, आणि साडी हातमागावर विणली आहे की यंत्रमागावर. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावर केलेल्या नकलेत उलट बाजूला बऱ्याचदा सुटे धागे लोंबतात. म्हणजे पदराच्या मागच्या बाजूचा एक स्पष्ट फोटो पानभर स्तुतीपेक्षा जास्त काम करतो. सिल्क मार्कचं लेबल असेल तर त्याचाही फोटो हवा. तरीही कितीतरी वेबसाइटवर साडीची उलट बाजू कधीच दिसत नाही.

उत्तरं तयार असली तरी ती पडद्यावर वेळेत उमटायला हवीत. गुगलने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ५३ टक्के भेटी तिथेच सोडून दिल्या जातात. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गुगलची आजची अपेक्षा आहे. वापरसुलभतेचे जुने अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३मध्येच या बाबतीतल्या मर्यादा मांडल्या होत्या. १ सेकंदापर्यंतच्या विलंबात माणसाची विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. यंत्रं किती तरी पटींनी वेगवान झाली, माणसाचं मन तेच राहिलं.

छोट्या विक्रेत्याच्या वेबसाइटचा वेग बहुतेक वेळा फोटोंमुळे मंदावतो. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. असे बारा फोटो जसेच्या तसे चढवले की पान पन्नास-साठ एमबीचं होतं. फोटोची रुंदी पडद्याला पुरेल इतकी कमी करून तो वेबपी स्वरूपात साठवला तर २०० केबीच्या आत बसतो आणि पाहणाऱ्याला फरक कळतही नाही. अर्ध्या तासाचं हे काम. पण विक्रेता स्वतःची वेबसाइट घरच्या वायफायवर पाहतो, म्हणून त्याला त्याची गरज जाणवत नाही. ती एकदा घाटातल्या एसटीत बसून, साध्या फोनवर उघडून पाहावी.

माणूस पटला, त्याने माल टोपलीत टाकला, तरी काम संपत नाही. बेमार्ड या संशोधन संस्थेने अनेक अभ्यासांतून काढलेली सरासरी सांगते, की ऑनलाइन टोपलीत माल टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरता निघून जातात. त्यांतले काही नुसतेच बघे असतात. उरलेल्यांच्या कारणांत वरचा क्रमांक लागतो शेवटी वाढून आलेल्या खर्चाचा. पेटी २,५०० रुपयांची म्हणून सांगितली आणि पत्ता लिहून झाल्यावर कुरियरचे ३५० रुपये वाढले, की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. ते ३५० रुपये वाजवी असले तरीही. म्हणून पिनकोड टाकण्याची जागा किमतीच्या शेजारीच द्यावी, म्हणजे त्याच्या घरपोच किमतीचा एकच आकडा त्याला आधीच दिसेल.

दुसरा अडथळा असतो खातं उघडण्याच्या सक्तीचा. जेरेड स्पूल या अमेरिकी अभ्यासकाने २००९मध्ये लिहिलेली एक हकीगत या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. एका मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर पैसे भरण्याआधी ग्राहकाला खात्याची नोंदणी करावी लागे. नव्या ग्राहकांना ती जाचक वाटे आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नसे. पासवर्डसाठी रोज सुमारे १,६०,००० विनंत्या येत आणि विनंती करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक पुढे खरेदीच करत नसत. वेबसाइटच्या रचनाकारांनी नोंदणीचं बटण काढून तिथे ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं आणि खरेदीसाठी खातं उघडण्याची गरज नाही, एवढा खुलासा खाली दिला. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आपल्या बागायतदाराने यातून घ्यायचं ते एवढंच: आंबा पोहोचवायला नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल क्रमांक पुरतो. जन्मतारीख, पर्यायी ईमेल, ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत’ हे सगळं नंतर विचारता येतं किंवा विचारलं नाही तरी चालतं.

आता त्या युक्त्यांबद्दल, ज्यांना या पुस्तकात जाणूनबुजून जागा दिलेली नाही. ‘फक्त २ पेट्या शिल्लक’ अशी खोटी पाटी, दर वेळी पान उघडल्यावर नव्याने सुरू होणारं उलटं घड्याळ, न विचारता टोपलीत घातलेली वस्तू, सवलत नाकारताना ‘नको, मला पैसे वाया घालवायला आवडतं’ असं म्हणायला लावणारं बटण. अशांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ प्रकारांची यादी देऊन त्यांना मनाई केली आहे. शेवटच्या पायरीवर किंमत वाढवून दाखवणंही त्यात येतं. त्याआधी २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचं नाव, पत्ता, सर्व करांसह एकूण किंमत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती स्पष्ट देणं बंधनकारक केलं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावं, असं ते नियम सांगतात. अनेक छोटे विक्रेते या नियमांकडे कटकट म्हणून पाहतात. मला ते विक्रीचं सर्वात स्वस्त साधन वाटतात. ज्या पानावर खरा पत्ता, उचलला जाणारा फोन नंबर आणि परताव्याचे स्वच्छ नियम आहेत, त्या पानावर अनोळखी माणूस पैसे भरायला कचरत नाही.

सुधारणा केली, तिचा उपयोग झाला की नाही, हे कसं ओळखायचं? मोठ्या कंपन्या एकाच पानाची दोन रूपं वेगवेगळ्या पाहुण्यांना दाखवून तुलना करतात. २००८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओबामांच्या प्रचारकांनी नावनोंदणीच्या पानाची अशी २४ रूपं तपासली. प्रचार चमूला व्हिडिओ आवडला होता. प्रत्यक्षात कुटुंबाचा साधा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण सरस ठरलं. नोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. पण त्या चाचणीत तीन लाखांहून जास्त पाहुणे होते. ज्याच्याकडे हंगामात तीन हजार माणसं येतात, त्याने दोन रूपांची तुलना करून ‘यात ६ ऑर्डर आल्या, त्यात ९’ असा निष्कर्ष काढला तर तो निव्वळ योगायोगावर निर्णय घेत असतो.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. नील्सन यांनी २०००मध्ये दाखवून दिलं, की पाच माणसांना वेबसाइट वापरायला देऊन नुसतं बघत बसलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पुण्यातली आत्या, मुलुंडचा मित्र, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी अशा पाच जणांच्या हाती फोन द्या आणि ‘एक पेटी मागव’ एवढंच सांगा. मधे बोलायचं नाही, मदत करायची नाही. बोट कुठे थांबतं, कपाळावर आठी कधी पडते, ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न कुठे येतो, हे टिपून घ्या. दुसऱ्या माणसापासूनच तीच अडचण पुन्हा दिसू लागते. पुस्तकाचा एक पूर्ण विभाग या पद्धतीला दिला आहे, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती सहसा दिशाभूल करत नाही.

शेवटचा विभाग पहिल्या ऑर्डरनंतरचा आहे, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. नवं गिऱ्हाईक आणायला जाहिरात लागते. जुन्याला परत आणायला एक चांगला निरोप पुरतो. पेटी निघाल्याचा संदेश, पोहोचल्यावर आंबा कसा ठेवायचा याची आठवण, आठवड्याने ‘फळं कशी निघाली?’ अशी विचारपूस आणि पुढच्या मार्चमध्ये मोहर कसा आला, पहिला तोडा कधी निघेल याची बातमी. ज्याला बागेची बातमी मिळते तो बागेचा माणूस होतो. मात्र हे संदेश संमती घेऊनच पाठवायचे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हाच आहे. पेटी पोहोचवायला दिलेला नंबर कर्जाच्या जाहिराती करणाऱ्याच्या हाती गेला, तर त्या गिऱ्हाइकाचा विश्वास पुन्हा मिळत नाही.

पुस्तकाची रचना पाहुण्याच्या वाटेनेच केली आहे: तो येतो, बघतो, शंका घेतो, ठरवतो, पैसे भरतो, वाट पाहतो, परत येतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी स्वतःच्या वेबसाइटवर करून पाहायची कामं दिली आहेत. संगणकशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. मोबाइलवर वेबसाइट उघडता येते आणि आपल्या मालाची खडान्‌खडा माहिती आहे, एवढं पुरेल. ज्यांची वेबसाइट अजून व्हायची आहे त्यांनी सुरुवातीपासून वाचावं. ज्यांची आहे पण चालत नाही, त्यांनी पाच माणसांच्या चाचणीचा विभाग आधी वाचावा आणि मग मागे वळावं.

वाचकांना माझी एक विनंती आहे. हे पुस्तक पूर्ण वाचून होईपर्यंत थांबू नका. आज रात्री तुमची वेबसाइट अशा एका माणसाच्या हातात द्या, ज्याने ती कधी पाहिलेली नाही, आणि त्याच्या तोंडून येणारी पहिली शंका लिहून घ्या. उद्या तिचं खरं, साधं उत्तर पानाच्या वरच्या भागात लिहा. मग दुसरी शंका शोधा. तुमचा माल चांगला असेल, तर यापलीकडे फार काही करावं लागत नाही.